सर्व्हर कालमध्ये, ब्राउझर आजमध्ये: फ्रेमवर्कच्या अपडेटमध्ये नेमकं काय सुधारतं?

६ सप्टेंबर २०२४ची रात्र. उजाडलं की गणेश चतुर्थी. साडेबाराच्या सुमाराला फोन वाजला. ज्यांच्यासाठी मी पंचांगाचं एक छोटं संकेतस्थळ सांभाळत होते, त्यांचा. "मॅडम, तारीख उडी मारतेय."

मी फोनवर पान उघडलं. वर ठळक अक्षरांत 'शुक्रवार, ६ सप्टेंबर'. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच तिथे 'शनिवार, ७ सप्टेंबर'. रिफ्रेश केलं, पुन्हा तेच. मुहूर्त बघायला लोक रात्रभर येणार, आणि आमचं पान प्रत्येकाला आधी काल दाखवून मग आज दाखवणार.

त्याच आठवड्यात आम्ही फ्रेमवर्कचं, म्हणजे संकेतस्थळ ज्या तयार साच्यावर उभं असतं त्याचं, एक अपडेट घेतलं होतं. त्याच्या टिपणात नेहमीची ओळ होती: स्थैर्य आणि वेगात सुधारणा. साहजिकच पहिला संशय त्याच्यावर गेला. ते निर्दोष निघालं. भानगड आमचीच होती, आणि कित्येक महिने जुनी होती. पण त्या रात्री ती शोधताना 'स्थैर्य' आणि 'वेग' या दोन शब्दांखाली काय काय दडलेलं असतं ते इतकं स्पष्ट दिसलं, की कुणी विचारलं तर मी हल्ली तिथूनच सांगायला सुरुवात करते.

कारण असं होतं: सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत होतं आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, तेव्हा सर्व्हरकडे आदल्या संध्याकाळचे सात. म्हणजे रोज मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आमचा सर्व्हर चक्क कालमध्ये राहत होता. कुणाला कळलं नाही, कारण एरवी त्या वेळी पंचांग बघतंय कोण?

पण मग तारीख आपोआप सुधारली कशी? सर्व्हरने 'काल' म्हटलं, तर 'आज' म्हणणारा दुसरा कोण? तो ब्राउझर. एकच पान दोनदा बनत होतं, एकदा सर्व्हरवर आणि एकदा वाचकाच्या फोनवर. सर्व्हरवर पान बनवणाऱ्या आजच्या फ्रेमवर्कचा सगळा खेळ या दोन वेळांच्या मधल्या हस्तांतरणाचा आहे. बहुतेक पडझडही तिथेच होते.

पेणची मूर्ती

सर्व्हरवर पान बनवणं ही काही नवी गोष्ट नाही. पीएचपी ही भाषा १९९५पासून हेच करत आली आहे: विनंती आली, डेटाबेसमधून माहिती काढली, एचटीएमएल (पानाचा मूळ मजकूर) जोडलं, पाठवून दिलं. पुढे २०१३मध्ये रिॲक्ट हे ब्राउझरमध्ये पानं बनवणारं जावास्क्रिप्टचं साधन आलं आणि तो प्रकार रुळल्यावर वारं उलटं फिरलं. सर्व्हरने जवळजवळ कोरं पान आणि जावास्क्रिप्टचं गाठोडं पाठवायचं, घर ब्राउझरने बांधायचं. लॅपटॉपवर झकास. स्वस्तातल्या फोनवर आणि एसटीत मिळणाऱ्या रेंजमध्ये मात्र पांढऱ्या पडद्याकडे बघत बसावं लागे.

२५ ऑक्टोबर २०१६ला झाइट नावाच्या कंपनीने रिॲक्टवर बेतलेलं नेक्स्ट जेएस हे फ्रेमवर्क आणलं. तीच कंपनी आता व्हर्सेल म्हणून ओळखली जाते. त्यांनी दोन्ही पद्धतींची सांगड घातली. पहिलं पान सर्व्हरने पूर्ण बनवून द्यायचं, म्हणजे वाचकाला लगेच काहीतरी दिसेल. मागून जावास्क्रिप्ट येईल आणि त्या तयार पानाचा ताबा घेईल. नक्स्ट, स्वेल्टकिट, रिमिक्स यांचाही मूळ साचा हाच. मी रोज नेक्स्टवर काम करते, म्हणून पुढची उदाहरणं तिथलीच.

ताबा घेण्याच्या या टप्प्याला हायड्रेशन म्हणतात. मला मात्र पेणची मूर्ती आठवते. मूर्ती पेणहून रंगवून, डोळे आखून, पूर्ण होऊन घरी येते. दिसायला काहीच कमी नसतं. पण प्राणप्रतिष्ठा व्हायची असते. सर्व्हरकडून आलेलं एचटीएमएल म्हणजे ती रंगवलेली मूर्ती: बटण दिसतं, दाबलं तर काही होत नाही. हायड्रेशन झालं की पान जिवंत होतं.

रिॲक्ट ही प्रतिष्ठा करताना आपल्या मनाशी पान पुन्हा एकदा बनवून बघतं आणि समोरच्या एचटीएमएलशी ताडून पाहतं. दोन्ही जुळलं तर प्रत्येक बटणाला त्याचं काम चिकटवतं. आमच्याकडे जुळत नव्हतं. सर्व्हर म्हणत होता ६, फोन म्हणत होता ७.

न जुळल्यावर काय करायचं, हे आवृत्तीगणिक बदलत गेलं आहे, आणि 'स्थैर्यात सुधारणा' म्हणजे काय याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. रिॲक्ट १७पर्यंत असा फरक सापडला की जमेल तेवढी डागडुजी करून पुढे जायचं, अशी रीत होती. डेव्हलपरला कन्सोलमध्ये एक इशारा मिळे, तो बहुतेक जण वाचत नसत. डागडुजी अर्धवट राहिली तर भलत्याच बटणाला भलतंच काम चिकटण्याची भीती. मार्च २०२२मध्ये आलेल्या रिॲक्ट १८ने धोरण बदललं. फरक म्हणजे चूक, डागडुजी बंद. पानाचा तेवढा भाग, किंवा विभागणी केलेली नसेल तर सगळं पान, ब्राउझरने पुन्हा बनवायचं.

म्हणजे पेणहून आलेली मूर्ती बाजूला ठेवून दिवाणखान्यात नव्याने माती मळायला घ्यायची. शेवटी जे समोर येतं ते खात्रीचं असतं, पण वेळ दुप्पट. आमच्या पानावर एका तारखेपायी सगळं पान दोनदा बनत होतं, आणि दुसऱ्यांदा ते वाचकाच्या फोनवर, त्याची बॅटरी खाऊन. हा दोष स्थैर्याचा म्हणायचा की वेगाचा? मला तरी वेगळं करता येत नाही.

डिसेंबर २०२४मधल्या रिॲक्ट १९ने इथे दोन उपकार केले. पहिला, चुकीचा संदेश माणसाला कळेल असा झाला: सर्व्हरने काय दिलं, ब्राउझरला काय हवं होतं, दोन्ही ओळी वर-खाली. दुसरा, ब्राउझरला जोडलेली छोटी साधनं, म्हणजे एक्स्टेन्शन, पानाच्या हेडमध्ये किंवा बॉडीमध्ये आपले टॅग घुसडतात, ते बघून रिॲक्ट आता बिथरत नाही, त्यांना वळसा घालून जातं. त्याआधी कित्येक डेव्हलपरांनी स्वतःच्या कोडमध्ये न सापडणारी चूक शोधत दुपारच्या दुपारी घालवल्या आहेत, आणि खोट निघाली ती व्याकरण तपासणाऱ्या एखाद्या एक्स्टेन्शनची.

आमचा उपाय दोन ओळींचा होता. तारीख लिहिताना टाइमझोन 'आशिया/कोलकाता' असा सांगून टाकायचा, म्हणजे सर्व्हर कुठल्याही देशात असला तरी उत्तर एकच. आणि 'आत्ता' किती वाजले हे सर्व्हरने एकदाच ठरवून ते मूल्य पानाबरोबर पाठवायचं, ब्राउझरने स्वतःचं घड्याळ बघायचं नाही. तिसरा एक उपाय सगळीकडे सुचवलेला दिसतो: त्या टॅगवर फरकाची सूचना दाबून टाकणारा गुणधर्म लावायचा. तो मी टाळते. मुलाला ताप आला म्हणून थर्मामीटर लपवण्यासारखं ते आहे.

जाता जाता, खास आपल्या भाषेतला एक खड्डा. जावास्क्रिप्टला मराठीतून तारीख मागितली की ब्राउझर देवनागरी आकडे देतो: ७/९/२०२४. हिंदीत मागितली तर आकडे इंग्रजी येतात. मराठीसाठी मात्र देवनागरी हेच मूळ ठरलेलं आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये आलेल्या नोड १३च्या (नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) आधी सर्व्हरवरच्या नोडबरोबर फक्त इंग्रजीचीच भाषामाहिती येत असे. त्यामुळे सर्व्हर अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहून इंग्रजी आकडे द्यायचा आणि ब्राउझर दिवस आधी लिहून देवनागरी. एकाच तारखेचे दोन अवतार, आणि इंग्रजी संकेतस्थळ बनवणाऱ्याला हे कधी दिसायचंच नाही. नोड १३पासून सगळ्या भाषा आत आल्या. त्या आवृत्तीने आमच्या कोडची एक ओळही न बदलता आमचा एक जुना बग मारला.

कालचे वडे

वेग वाढवायचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे काम आधीच करून ठेवणं. वडापावच्या गाडीवर दोन रीती असतात. एक, गिऱ्हाईक आलं की तळायचा: गरमागरम, पण रांग लागते. दुसरी, घाणा काढून परातीत रचून ठेवायचा: हातोहात मिळतो, पण परातीच्या तळाचा कधीचा आहे ते विचारू नये. संगणकाच्या जगात परातीला कॅश म्हणतात.

नेक्स्टने जुलै २०२०मध्ये, ९.५ आवृत्तीत, यातला एक मधला मार्ग पक्का केला. पान बनवून ठेवायचं, त्याला मुदत द्यायची, समजा ६० सेकंद. मुदत संपल्यावर जो पहिला येईल त्याला जुनंच पान हातात द्यायचं आणि पाठीमागे नवं बनवायला घ्यायचं. पुढच्याला नवं मिळेल. कुणीच ताटकळत नाही. बातम्या, किमती, वेळापत्रकं यांना हे छान बसतं.

आता मुदत संपल्यावर वाचकाला थांबवूनच नवं पान बनवायचं अशी रचना असेल, आणि नेमक्या त्या क्षणी एकदम पाचशे लोक आले तर? पाचशेच्या पाचशे जण डेटाबेसवर धडकतील, एकाच प्रश्नाचं एकच उत्तर मागायला. कॅश ज्याला वाचवायला ठेवली त्याचाच बळी. म्हणून चांगली फ्रेमवर्क एकाच कामाच्या विनंत्या एकत्र बांधतात: पहिला आत जातो, बाकीचे दाराशी थांबतात, उत्तर आलं की सगळ्यांना वाटलं जातं. अपडेटच्या टिपणात अशी सुधारणा एका ओळीत उरकलेली असते. निकालाच्या दिवशी कोसळणारं संकेतस्थळ आणि तगणारं संकेतस्थळ यांत बऱ्याचदा अशाच एका ओळीचा फरक असतो.

खरा वाद झाला तो कॅश मुळात चालू असावी की बंद, यावर. ऑक्टोबर २०२२मध्ये नेक्स्ट १३ आलं, पानांची मांडणी ठरवणारा नवा ॲप राउटर घेऊन. मे २०२३मध्ये, १३.४ला, तो पक्का झाला. त्यात सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरकडून आणलेली माहिती मुळातच कॅश होत असे. डेव्हलपरने काही न सांगता. कागदावर आकडे सुंदर. प्रत्यक्षात लोक डोक्याला हात लावून बसले: डेटाबेसमध्ये किंमत बदलली, पानावर जुनीच, लॅपटॉपवर बरोबर दिसतं, प्रॉडक्शनवर, म्हणजे लोकांसमोरच्या खऱ्या संकेतस्थळावर, शिळं. परात कुठे ठेवली आहे तेच माहीत नाही, तर ती रिकामी कोण करणार?

२१ ऑक्टोबर २०२४ला नेक्स्ट १५ आलं आणि त्यांनी चाक उलटं फिरवलं. माहिती आणणारं फेच, माहिती देणारे गेट हँडलर आणि ब्राउझरमधली पानांची कॅश, तिन्ही मुळात बंद. हवी असेल तर सांगून चालू करा. गंमत अशी, की मोठ्या अपेक्षेने हे अपडेट घेतलेल्यांपैकी काहींचं संकेतस्थळ दुसऱ्या दिवशी हळू झालं. डेटाबेसवर जाणाऱ्या हाका अचानक वाढल्या. नव्या आवृत्तीने ते हळू केलं नव्हतं. जुनी आवृत्ती न विचारता जी परात भरून ठेवत होती, ती तिने काढून घेतली होती.

माझं मत विचाराल तर १५चा निर्णय योग्य होता, फक्त दोन वर्षं उशिरा झाला. हळू पान लगेच दिसतं, लोक ओरडतात, दुरुस्त होतं. शिळं पान वेगात येतं, सुबक दिसतं आणि गुपचूप खोटं बोलतं. पंचांगात तर असला वेग नकोच.

न मिटणारी खिडकी

ब्राउझरमध्ये कोड लिहिणाऱ्याला एक सवय जडलेली असते: खिडकी बंद केली की सगळं साफ. सर्व्हरची खिडकी मिटत नाही. तोच प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, आठवडाभर चालतो आणि हजारो लोकांच्या विनंत्या त्याच्याच पोटातून जातात.

यातून दोन दुखणी उद्भवतात. पहिलं साधं: मेमरी. कुणीतरी फाइलच्या वरच्या ओळीत एक रिकामा मॅप, म्हणजे नोंदींची यादी, ठेवतो आणि प्रत्येक विनंतीला त्यात काहीतरी टाकतो, काढत कधीच नाही. ब्राउझरमध्ये चाललं असतं. सर्व्हरवर तीन दिवसांत पोट फुगतं आणि चौथ्या दिवशी मेमरी संपल्याची ओळ लिहून प्रोसेस मरतो. यावरचा सर्रास दिसणारा इलाज म्हणजे रोज पहाटे चारला रीस्टार्ट. मीही एके काळी लावला होता, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक वेळी दोष आपलाच असतो असं नाही. कधी फ्रेमवर्कच जास्त मेमरी खातं, आणि नुसतं चालतानाच नाही, कोड बांधतानाही. एप्रिल २०२४च्या नेक्स्ट १४.२च्या टिपणात प्रॉडक्शन बिल्डबद्दल, म्हणजे संकेतस्थळ चढवण्याआधी कोड बांधण्याच्या टप्प्याबद्दल, एक आकडा होता: त्यांच्या एका सुरुवातीच्या चाचणीत मेमरीचा वापर २.२ जीबीवरून १९० एमबीच्या खाली आला. स्वस्तातला छोटा सर्व्हर भाड्याने घेणाऱ्याला या एका ओळीने महिन्याचं बिल बदलू शकतं.

दुसरं दुखणं भयंकर. फाइलच्या वर 'सध्याचा वापरकर्ता' असं एक चल ठेवलं, विनंती आली की त्यात नाव भरलं. एकटे बसून तपासाल तर सगळं बरोबर. पण सुनंदाची विनंती डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत असताना प्रकाशची विनंती आली, चलात 'प्रकाश' भरलं गेलं, आणि उत्तर घेऊन परतलेल्या सुनंदाच्या पानावर प्रकाशचं नाव आलं. नाव आहे म्हणून ठीक. पत्ता असता तर? हा बग गर्दी असल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तो नेहमी नको त्या दिवशी दिसतो. नोडमध्ये यासाठी असिंक लोकल स्टोरेज नावाची सोय आहे, प्रत्येक विनंतीला तिची स्वतःची पिशवी देणारी. कुकी आणि हेडर (विनंतीसोबत येणारी माहिती) वाचताना नेक्स्ट तीच आतून वापरतं.

याच घराण्यातली आणखी एक गोष्ट. नोड जावास्क्रिप्ट एकाच धाग्यावर चालवतो. डेटाबेसची वाट बघताना तो दुसऱ्याचं काम उरकतो, पण आकडेमोड करताना उरकू शकत नाही. आम्ही एकदा चारेकशे गावांचे सूर्योदय एका फेऱ्यात काढत होतो, आणि तेवढा वेळ इतर सगळे वाचक बँकेच्या एकुलत्या खिडकीसमोर उभे असल्यासारखे तिष्ठत होते. पाहिजे त्या गावाचाच काढायला लागलो, संपलं.

आणि हे तर कुठलंच अपडेट दुरुस्त करून देणार नाही: तिथी आणा, थांबा, मग सूर्योदय आणा, थांबा, मग सणांची यादी आणा. प्रत्येकाला २०० मिलिसेकंद धरले तर ६००. तिन्ही एकदम मागितले तर २००. अशा पायऱ्या शोधून काढणं हे मला आवृत्ती बदलण्यापेक्षा कितीदा तरी जास्त फळलं आहे.

तुकड्यातुकड्याने येणारं पान

रिॲक्ट १८मुळे आलेली मोठी सोय म्हणजे स्ट्रीमिंग. सगळं पान शिजेपर्यंत थांबायचं नाही. पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आधी येतात, भात मागून. तसंच पानाचा वरचा भाग, मेनू, तारीख लगेच जाते. हळू येणारा भाग तयार झाला की त्याच जोडणीवरून मागाहून येतो आणि आपल्या जागेवर बसतो. वाचकाला पहिली अक्षरं लवकर दिसतात.

पण तुकडे म्हटले की ते कुठे तोडायचे हा प्रश्न आलाच. इथे आपल्याला एक झटका बसतो. इंग्रजी अक्षर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत एक बाइट घेतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. तुकडा नेमका सातव्या बाइटनंतर तुटला, आणि वाचणाऱ्या कोडने प्रत्येक तुकडा स्वतंत्र समजून अक्षरांत बदलला, तर ण मधोमध चिरला जातो. पडद्यावर 'पु', मग काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं, मग अनाथ मात्रा. रिफ्रेश केलं की सगळं ठीक, कारण या खेपेला तुकडा दुसरीकडे तुटला. इंग्रजीत तपासणाऱ्याला हा बग शंभर वर्षांत सापडणार नाही. उपाय छोटा आहे: बाइटांची अक्षरं करणाऱ्या डीकोडरला सांगायचं की हा प्रवाह आहे, शेवटचे अर्धवट बाइट फेकू नकोस, पुढच्या तुकड्याला जोड. तुमच्या मराठी पानावर कधीमधी अशी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फॉन्टला दोष देण्याआधी हे तपासा.

स्ट्रीमिंगची आणखी एक किंमत आहे, ती फार कमी जण सांगतात. पहिला तुकडा गेला म्हणजे त्याआधीच सर्व्हरने '२००, सगळं ठीक' असं म्हणून टाकलेलं असतं. नंतर मधला भाग कोसळला तर ते शब्द मागे घेता येत नाहीत. पान अर्धवट, पण नोंदीत सगळं हिरवंगार. म्हणून चूक पकडणाऱ्या चौकटी भागाभागाला लावाव्या लागतात आणि नुसत्या स्टेटस कोडवर भरवसा ठेवून चालत नाही. शिवाय सर्व्हरच्या पुढे विनंत्यांची ने-आण करणारा एनजिनएक्स असेल आणि त्याचं बफरिंग चालू राहिलं तर तो सगळे तुकडे साठवून एकदम सोडतो. पंगतीत वाढपी सगळ्या भांड्यांसकट दारातच उभा.

कुणाचा वेग?

आकड्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. नेक्स्ट १५बरोबर टर्बोपॅक हे रस्ट भाषेत लिहिलेलं बंडलर, म्हणजे कोडच्या फाइली एकत्र बांधणारं साधन, डेव्हलपमेंटसाठी पक्कं झालं आणि व्हर्सेलने स्वतःच्या संकेतस्थळावरचे आकडे दिले: सर्व्हर सुरू होणं ७६.७ टक्क्यांपर्यंत जलद, कोडमधला बदल दिसणं ९६.३ टक्क्यांपर्यंत. आकडे खरे असतील, पण ते माझ्या लॅपटॉपवरचे. माझा चहा कमी होतो. वाचकाच्या फोनवर यातलं काहीही पोहोचत नाही. ऑक्टोबर २०२५च्या नेक्स्ट १६मध्ये टर्बोपॅक मुळातलाच बंडलर झाला, तरी हा भेद तसाच राहतो. टिपण वाचताना मी प्रत्येक टक्क्याशेजारी 'कुणाचा' असं पेन्सिलीने लिहिते.

वाचकाचा वेग मोजायचा तर गूगलच्या तीन-चार खुणा पुरतात: पहिला बाइट ०.८ सेकंदांत, मुख्य मजकूर २.५ सेकंदांत, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत. शेवटची खूण, आयएनपी, मार्च २०२४मध्ये जुन्या एफआयडीच्या जागी आली, आणि हायड्रेशनच्या ओझ्याखाली दबलेली कितीतरी पानं त्या दिवशी उघडी पडली. जुनी खूण फक्त पहिल्याच स्पर्शानंतर काम सुरू व्हायला किती वेळ लागला ते बघायची. आणि सरासरी बघू नका. दहांपैकी नऊ जणांना अर्ध्या सेकंदात आणि एकाला दहा सेकंदांत पान मिळालं तर सरासरी दीडच्या आत येते, आणि त्या एकाचा फोन तुम्हाला येतो.

आता प्रश्न उरतो, अपडेट घ्यायचं कधी. 'चाललंय ना, मग हात लावू नका' हे धोरण आपल्याकडे लोकप्रिय आहे आणि बरीच वर्षं मलाही पटायचं. मार्च २०२५मध्ये नेक्स्टच्या मिडलवेअरमधलं, म्हणजे विनंती पानापर्यंत पोहोचण्याआधी तपासणाऱ्या थरातलं, भगदाड जाहीर झालं: विनंतीला एक विशिष्ट हेडर जोडलं की दारावरचा पहारा वगळून थेट आत. १४.२.२५ आणि १५.२.३मध्ये ते बुजवलं. डिसेंबर २०२५मध्ये रिॲक्टच्या सर्व्हर कंपोनंटमध्ये (पानाच्या सर्व्हरवरच चालणाऱ्या भागांत) याहून वाईट सापडलं, लॉगिन न करता सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येईल असं, गांभीर्य दहापैकी दहा. दुरुस्ती १९.०.१, १९.१.२ आणि १९.२.१मध्ये आली. ज्यांनी आवृत्ती जवळपास ठेवली होती त्यांचं काम दहा मिनिटांचं. जे फार मागे राहतात, त्यांना अशा वेळी एका रात्रीत सगळी चढण चढावी लागण्याची भीती असते.

माझी रीत आता अशी: आवृत्तीच्या क्रमांकातला तिसरा आकडा बदलला तर त्याच आठवड्यात; मधला बदलला तर पंधरवडा थांबून; पहिला बदलला तर टिपण शब्दन् शब्द वाचून, कोड बदलून देणारं साधन चालवून, आणि सणासुदीच्या आसपास अजिबात नाही. लॉक फाइल, म्हणजे नेमक्या कुठल्या आवृत्त्या वापरल्या त्याची यादी, नेहमी कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये. आणि नवी आवृत्ती चढवल्यावर जुन्या आवृत्तीच्या फाइली लगेच पुसायच्या नाहीत, कारण कुणाच्या तरी फोनवर सकाळपासून उघडं पडलेलं पान दुपारी जुनीच फाइल मागायला येतं.

आमच्या चाचण्यांत आता 'साडेबाराची' नावाची एक चाचणी आहे. ती सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर संध्याकाळी सातला नेऊन ठेवते, ब्राउझरचं भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीनंतर, आणि दोघांना तारीख विचारते. २६ ऑगस्ट २०२५च्या रात्री, पुढच्या चतुर्थीच्या तोंडावर, मी तरीही जागी राहिले. बारा वाजून एकतीस मिनिटांनी पान उघडलं. 'बुधवार, २७ ऑगस्ट', पहिल्याच फटक्यात, जागचं हललं नाही. गणपतीचा फोटो मात्र वरून खाली सावकाश उलगडत गेला, आधी मुकुट, मग कपाळ, मग सोंड. संध्याकाळी कुणीतरी तो फोनमधून काढून ५ एमबीचा तसाच चढवला होता.